माझ्या बिअरमधली लवंग

लेस्टरमध्ये घरी बिअर बनवणाऱ्यांचा आमचा होमब्रू क्लब आहे. त्याच्या स्पर्धेत माझ्या बिअरला शून्य गुण मिळाले, कारण म्हणे मी तिच्यात लवंग घातली होती.

मी घातली नव्हती, आणि तसं सांगितलंही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला लवंगेचा वास यीस्टमुळेच येतो. मोड आणून वाळवलेले गहू आणि बार्ली, पाणी, कडवटपणासाठी हॉप्सची थोडी फुलं आणि ते यीस्ट. दुसरं काही घालायचंच नसतं. परीक्षक एकच, एक इंग्रज गृहस्थ, आणि त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. माझ्या आधी दुसऱ्या एकाच्या ग्लासाला तोच वास आला, तेव्हा ते "वा, यीस्ट छान चाललंय" म्हणाले होते. माझा ग्लास हुंगून मात्र हसले. "लव्हली! पण तुमच्याकडे सगळ्यातच मसाला पडतो, नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना, जस्ट हॉबी आहे." हॉबीच आहे. पण खोटारडी ठरून मी त्या खोलीत पुन्हा बसणार नव्हते. मी परीक्षकांना मेसेज टाकला: रविवारी घरी या, तुमच्यासमोर करते.

आले बिचारे, वेळेच्या पाच मिनिटं आधी. नवरा मिसळणाचा डबा कपाटात ठेवायला निघाला. "राहू दे तिथेच," मी म्हटलं. माझं स्वयंपाकघर, मी कशाला लपवाछपवी करू?

ते स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत राहिले. धान्य गरम पाण्यात भिजलं, मग पाणी गाळून उकळलं, गार केलं. यीस्टचं पाकीट मी त्यांनाच फोडायला लावलं. मधे जेवायला आमटीभात वाढला. आमटीत लवंग होती, आणि तसं मी त्यांना सांगितलं. शेवटी बादलीला झाकण लावलं, त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर त्यांची सही.

"आता ही तुमच्या घरी न्या."

"याची खरंच गरज आहे?"

"आहे."

महिन्याभराने, त्यांच्याच गॅरेजात आंबलेली आणि त्यांनीच बाटल्यांत भरलेली ती बिअर क्लबात सगळ्यांसमोर उघडली. लवंगेचा नुसता घमघमाट. त्यांचा चेहरा लालेलाल झाला. "आय ॲम सॉरी. त्या दिवशी पहिला नंबर तुम्हालाच द्यायला हवा होता."

"तो नकोय मला. प्या, आणि गुण द्या."

त्यांनी चष्मा चढवला, ग्लास खिडकीकडे धरला, एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग चष्मा काढून म्हणाले, "फेस टिकत नाही. चवीला जरा पातळ आहे. दहापैकी सहा."

सहा! त्या फेसावरून मी त्यांच्याशी चांगली अर्धा तास भांडले. इतकी खूश मी त्या क्लबात आधी कधीच झाले नव्हते.