सरजाबाईला पेढा गोड लागला

पूर्णेतल्या आमच्या चर्चमध्ये कोणी वारलं की एक निरोप पाळकसाहेबांना जातो आणि एक सरजाबाईला. साहेब येईपर्यंत सरजाबाईनं पाणी तापवलेलं असतं. आंघोळ घालणं, नवे कपडे चढवणं, बायकांना गीत धरून देणं, सगळं तीच करते. पेटी सुतार करतो, पण आतलं पांढरं अस्तर आणि डोक्याखालची लहानशी उशी तिच्या मशीनवर शिवली जाते. त्या उशीत ती नवाच कापूस भरते. मी एकदा म्हटलं, मेलेल्याला काय कळतंय, जुना की नवा? तर म्हणाली, "त्याला न्हाई कळत. पण घरच्यांचं ध्यान असतं की."

मी निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाची सेक्रेटरी आणि स्वभावानं तापट. भक्तीचा दिखावा मला सोसत नाही. सरजाबाईशी माझं जमलं, कारण तिच्या तोंडात देवाचं नाव असतं त्यापेक्षा जास्त वेळ हातात फडकं असतं. फक्त बुधवारच्या प्रार्थनेत तिची पाळी आली की आम्ही चहाची आशा सोडायचो. चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांपासून सुरू करून ती शेजाऱ्याच्या गाभण म्हशीपर्यंत यायची, आणि वाटेत एसटीच्या कंडक्टरलाही सोडायची नाही. आम्ही डोळे मिटून हसायचो आणि चहा गार व्हायचा.

तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तो लवकर गेला. एका खाजगी दवाखान्यात आयाबाईचं काम करून तिनं एकुलत्या एका पोराला, पियुषला, वाढवलं. पियुष परभणीत फ्रीज आणि कूलर दुरुस्तीची कामं घ्यायचा. त्याचा जोडीदार ताडकळसचा सूर्यभान. शेतकऱ्याचा मुलगा, नाव आजोबांचं, जुन्या वळणाचं, म्हणून सगळे त्याला नुसतं सूर्या म्हणायचे. एका मोटारसायकलवर दोघं जिल्हाभर हिंडत.

गेल्या वर्षी उसाच्या दिवसांत, दिवेलागणीला परत येताना त्यांची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, हे खरं. पण गाडी सूर्या चालवत होता आणि त्याच्या एका हातात मोबाइल होता, हेही खरं. शुद्धीवर आल्यावर त्यानं स्वतःच ते पोलिसाला सांगितलं. पियुष जागीच गेला. सूर्याच्या खुब्याचा आणि दोन्ही पायांचा चुरा झाला, पण तो वाचला.

मी तिच्या घरी पोचले तेव्हा सरजाबाई मशीनवर बसली होती. पुढ्यात पांढरं कापड. मी कापड ओढून घेतलं आणि म्हटलं, "ऊठ. मी शिवते."

तिनं माझा हात बाजूला केला. "तुझी टीप वाकडी येती, मास्तरीण."

तिनं अस्तर शिवलं, उशी शिवली. पोराला आंघोळ घातली, भांग पाडला. कबरस्तानात गीत कोणी सुरू करेना, कारण दरवेळी ते तीच सुरू करते. सगळ्या बायका सवयीनं तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला त्यांचा असा संताप आला की एकेकीला धरून हलवावंसं वाटलं. पण सरजाबाईनं गीत उचललं. सूरही बरोबर लागला. मूठभर माती टाकून तिनं हात झटकले आणि बाहेरगावच्यांनी चहा घेतला का, ते विचारलं.

ती रडली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. बायका म्हणाल्या, केवढा विश्वास आहे बघा! मला तो विश्वास वाटत नव्हता, पण काय वाटत होतं तेही सांगता येत नव्हतं. एकदा तिच्या स्वयंपाकघरात बसले असताना तव्याला तिचं बोट लागलं. तिनं ते उचलून नुसतं पाहिलं आणि पुन्हा भाकरी उलटली. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "पाय झोपल्यावर कसं होतं, तसं झालंय गं सगळ्या अंगाला." मंडळात कोणीतरी तिच्या चहात साखर घालायला विसरलं, तर तिनं तो तळापर्यंत पिऊन कप विसळून ठेवला.

बुधवारी ती येत राहिली. पाळी आली की खोली गप्प व्हायची. थोड्या वेळानं ती शेजारणीच्या कोपराला हात लावायची, तू कर म्हणून. म्हैस, कंडक्टर, आजारी, कोणासाठीच तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. चहा आता गरम मिळायचा आणि कोणालाच तो जायचा नाही.

उन्हाळा लागला तशी एक बाई तिच्या ओट्यावर येऊन बसली. सूर्याची आई, रेणुकाबाई. आत ये म्हटलं तर येईना, वर बघेना. मी तिथंच होते आणि माझ्या तोंडात काही चांगलं येत नव्हतं, म्हणून मी ओठ आवळून बसले.

"पोराच्या पाठीला पडून पडून जखम झालीय," ती जमिनीकडं बघून म्हणाली. "कोणाला हात लावू देईना. जेवंना. डाक्टर म्हणायलाय, गुडघे रोज वाकवले न्हाई तर आखडतील, मंग कायमचा बाजंवर. गावात समदे म्हणले, असलं पूर्णेच्या आयाबाईलाच जमतंय." मग म्हणाली, "म्या कोणत्या तोंडानं आले, मलाच ठाव."

सरजाबाई उठली, पिशवीत स्वच्छ फडकी भरली आणि चपला घालायला लागली. रेणुकाबाई रडायला लागली. सरजाबाई म्हणाली, "गाडी चुकंल."

तेव्हापासून ती एक दिवसाआड ताडकळसला जायला लागली. तिथं तिचं काय होईल याचा मला भरवसा वाटत नव्हता, म्हणून मीही बऱ्याचदा सोबत जायचे. सूर्या मागच्या खोलीत बाजेवर असायचा. पहिल्या दिवशी तिला बघून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, जखम धुतली, पट्टी केली, चादर बदलली. मग टाच हातात धरून गुडघा हळूहळू वाकवायला लागली. तो दात-ओठ खात होता. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"काकू," तो म्हणाला, "मला शिव्या द्या ना. एक तरी द्या."

"पाय सैल सोड."

"तुमी काईच बोलत न्हाईत, मला लय भेव वाटतंय."

"बोलायला काय न्हाई रे माज्यापाशी. पाय सैल सोड."

तो जेवत नव्हता तर तिनं घास करून तोंडापुढं धरला, हात तसाच ठेवला. त्यात माया नव्हती, रागही नव्हता. रोग्याला भरवायचं म्हणून भरवत होती. शेवटी त्यानं तोंड उघडलं. जखम भरत आली. गुडघे वाकायला लागले. वॉकर आला.

आमच्याकडं बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो! पाळकसाहेबांनी एका रविवारी प्रवचनातच घेतलं. आपल्यामधली एक भगिनी, आपल्या लेकराचा जीव ज्याच्या हातून गेला त्याची सेवा करते आहे, याला म्हणतात क्षमा, याला म्हणतात आपला क्रूस उचलणं. सगळं चर्च वळून सरजाबाईकडं बघत होतं. ती पंख्याकडं बघत होती. साहेब माणूस वाईट नाही, पण चांगला दाखला हाती लागला की त्यांना राहवत नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सायबाला सांग, माझं नाव नका घेऊ. मला त्याचं काई पडलेलं न्हाई, मास्तरीण. जायचं म्हणून जाते. काईच लागत न्हाई मला. ज्याला लागतच न्हाई त्यानं दिलं, तर ते काय दिलं?"

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हीच तर नम्रता. मी पुढं बोलले नाही, कारण ते चर्चचं आवार होतं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी सूर्या उभा राहिला. मी तिथंच होते. वॉकर धरून, थरथरत, घामानं भिजून, पण स्वतःच्या पायावर. पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, खोलीच्या दारापर्यंत आला. उंच पोरगा, इतके महिने आडवाच पाहिला होता, त्यामुळं एवढा उंच असेल हे लक्षातच नव्हतं. रेणुकाबाईनं देवापुढं नारळ फोडला, सरजाबाईच्या पायावर डोकं ठेवलं, आणि कसलेही आढेवेढे ऐकून न घेता तिच्या तोंडात पेढा घातला.

सरजाबाईनं तो गिळला. मग पिशवी उचलून ती बाहेर पडली. मी मागं धावले. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "गोड लागला गं."

"काय?"

"पेढा. गोड लागला." आणि ती खालीच बसली.

मग जे बाहेर पडलं ते मी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायचं बळ माझ्यात नाही. "त्याचे पाय जमिनीला लागले. त्याच्या आईनं नारळ फोडला. त्याला कशाला ठिवलं? त्याला न्यायचं व्हतं, माझ्याला ठिवायचं व्हतं. म्या काय कमी केलं तुझं? समद्यांच्या लेकरांसाठी मागितलं. माझं एक तुला संबाळता आलं न्हाई?" ती माझ्याशी बोलत नव्हती. इतक्या महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती, ज्याच्याशी बुधवारी बोलणं तिला होत नव्हतं. त्यात एकही बरा शब्द नव्हता. मी तिला गप्प केलं नाही. दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ बसले.

दुसऱ्या खेपेला ती ताडकळसला गेली नाही. तिसऱ्यालाही नाही. तिला आता सगळंच लागत होतं. पियुषचा शर्ट दिसला की लागायचा, शेजारच्या पोराची मोटारसायकल वाजली की लागायचं. भाकरी जळाली तरी ती रडायची. मंडळीत कुजबुज सुरू झाली की सरजाबाई विश्वासात ढिली पडली. हीच तोंडं आधी तिचे गोडवे गात होती. साहेब घरी आले, पवित्र शास्त्र उघडायला लागले. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, साहेब, आज नुसतं बसा. मानलं पाहिजे, बसले बिचारे.

रेणुकाबाईचा फोन माझ्याकडं यायचा. सूर्यानं वॉकर लाथाडला होता. काकू येईना म्हणजे त्यांना म्या उभा राहिलेला बघवला न्हाई, मंग म्या कशाला उभं राहू, म्हणत होता. पुन्हा बाज धरली होती. उजवा गुडघा आखडायला लागला होता. असाच राहिला तर हातचा जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. हे सरजाबाईला सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गेला तर." मग म्हणाली, "हे म्या बोलले?"

दोन दिवसांनी ती स्टँडवर उभी दिसली. मी न विचारता शेजारी जाऊन उभी राहिले. गाडीत खिडकीशी बसून, प्रार्थनेत मिटायची तसे डोळे मिटून ती पुटपुटत होती. मला एवढंच ऐकू आलं, "मला जायचं न्हाई. तू धाडायलास म्हणून जायलेय. मला जायचं न्हाई."

सूर्या बाजेवर तसाच पडला होता. ती दारात थांबली. रेणुकाबाई पाणी घेऊन आली, ते तिनं घेतलं नाही.

"सूर्या, ऐक," ती म्हणाली. "आधी येत व्हते तवा मला काईच वाटत नव्हतं. आता वाटायलंय. तुला बगून अंगाची आग व्हायलीय. तुझ्या हातात मोबाइल व्हता, हे मला रोज आठवतंय. म्या रागातच आलेय, आन् उद्या आले तर उद्या बी रागातच येईन. चालतंय का?"

सूर्या रडायला लागला. आधी मान हलवली, मग म्हणाला, "चालतंय, काकू."

"मंग पाय दे इकडं."

गुडघा आखडून लाकूड झाला होता. तिनं टाच धरली आणि वाकवायला सुरुवात केली, तसा तो किंचाळला. रेणुकाबाई धावली, मी तिला अडवलं. सरजाबाईही रडत होती, मोठ्यानं, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. पण पाय तिनं सोडला नाही.