सोमाभाऊंच्या जाळ्यातले दगड

सोमाभाऊ गेल्याचं मला अड्याळच्या बाजारात कळलं. वांगी निवडत होतो. शेजारचा ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमचे नदीवरचे सोमाजी गेले ना, गुरुजी. परवा माती झाली." आम्ही दोघे पवनीचे, घरं हाकेच्या अंतरावर, आणि बातमी मला दुसऱ्या गावात मिळाली. 'तुमचे' हा त्याचा शब्द पिशवीत वांग्यांसोबत घेऊन घरी आलो...

मी शाळेत इतिहास शिकवतो. सोमाभाऊ वैनगंगेत मासे धरायचे. पंधराएक वर्षांपूर्वी, नदी आटलेली असताना, ते एक दगड घेऊन माझ्या ओसरीवर आले. "गुरुजी, पाण्यानं घासला का गोटा गोल होते. याले एकाच बाजूनं धार काहून?" त्यांनी तो माझ्या हातात दिला. अंगठा बरोबर एका खोलगट जागी बसला. मग मी वर्गात सांगतो ते सांगितलं: माणूस आफ्रिकेत घडला, पिढ्यानपिढ्या किनाऱ्यांनी, नद्यांनी पसरत गेला, आपल्याकडे आला, पुढेही गेला. त्यातल्याच कोणीतरी हा दगड फोडला असेल. बशीतला चहा तसाच राहिला. "एवढ्या दूर, पायी? कुठं जाचं हे माहीत होतं का त्याहिले?" हा प्रश्न पुस्तकात नव्हता. उत्तर त्यांनीच दिलं. "नसनच माहीत. मासोळी खालच्या डोहात गेली का आमी डोंगा वल्हवत खाली नेतो. पोरगा आणखी एक डोह खाली जाते. कोणी दूर जाऊन नाही राहिला होता, गुरुजी. सारे जवळच जाऊन राहिले होते."

त्यानंतर ते अधूनमधून येत. आल्या आल्या विचारत, "तुमचे पाहुणे कुठवर पोचले?" मी सांगायचो, आता बर्फाच्या मुलखातून अमेरिकेकडे निघालेत. "थंडी वाजत असन बिचाऱ्याहिले," म्हणत बिडी पेटवायचे. मला हे आवडायचं. मग हळूहळू कंटाळाही यायला लागला, हे लिहायलाच हवं. एकदा मी पेपर तपासत बसलो होतो आणि ते चुंगडीभर दगड घेऊन आले. वरचे दोन-तीन मी नुसते पाहिल्यासारखे केले. म्हणालो, "नदीचे साधे गोटे आहेत, सोमाभाऊ. फेकून द्या." "तुमी म्हणता तं असन," म्हणाले आणि चुंगडी खांद्यावर टाकून गेले.

पहिला दगड माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पडलेला असे. काही वर्षांनी नागपूरहून एक संशोधक बाई कामानिमित्त घरी आल्या. त्यांनी तो उचलला, उजेडात फिरवला. "कोणाला सापडला?" मी म्हणालो, "मलाच. काठाने फिरताना." आणखी आहेत का, या प्रश्नाला नाही म्हणालो. कोणी दबाव आणला नव्हता. जीभ आपोआप वळली. दगड संग्रहालयात काचेखाली गेला, चिठ्ठीवर माझं नाव लागलं. शाळेने सत्कार केला, आणि भाषणात मी डोहांची गोष्ट सांगितली, जणू मलाच सुचली होती. टाळ्या पडल्या. सोमाभाऊ मागच्या रांगेत होते. बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "तुमच्या तोंडून लय चांगली वाटली, गुरुजी." त्यात टोमणा होता की नाही, मी आजवर ठरवू शकलो नाही. तेव्हापासून ते ओसरीवर आले नाहीत. मीही घाटाचा रस्ता सोडला. यंदा ते आजारी आहेत हे ऐकलं होतं. उद्या जाऊ, असं रोज म्हणत राहिलो...

तेरवी झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, पार्बतावहिनींनी, पाणी दिलं. भिंतीला खुंटीवर सोमाभाऊंचं मोठं जाळं टांगलेलं होतं. जाळं पाण्यात ताठ राहावं म्हणून खालच्या दोरीला ओळीने दगड बांधलेले. मी पाहत राहिलो. प्रत्येकाला एका बाजूने धार होती.

"तुमी फेका म्हणलं होतं ना," वहिनी म्हणाल्या. "त्याहिनं नाही फेकले. म्हणे, गुरुजी आज कामात आहेत, त्याहिनं नीट पाहलं नाही. माणसाच्या हातचे आहेत, पाण्यात कायले टाकू? कामाले लावतो."

म्हणजे त्यांना माहीत होतं. दगडांचंही, माझंही. मी काय केलं ते वहिनींना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याहिले सांगाचं होतं."

त्याच आठवड्यात संशोधक बाईंना पत्र टाकलं: दगड सोमाजींना सापडला, मी खोटं बोललो, चिठ्ठी बदला, बाकीचे पाहायचे असतील तर त्यांच्या घरी या. तेच इथे चारचौघांत लिहितो आहे.

निघताना वहिनी म्हणाल्या होत्या, "तुमच्या कामाचे असतीन तं सोडून न्या." मी वाकलो, एका दगडाची गाठ धरली. किती पावसाळे ती पाण्यात राहिली होती, तरी तसूभर ढिली नव्हती. मी हात मागे घेतला आणि जाळं जसं होतं तसं खुंटीवर राहू दिलं.