चुना फासलेला गोटा

पोळ्याच्या आधी घराला चुना मारायला घेतला, की तो ओला वास नाकात शिरतो आणि मला कासवाचं कुंपण आठवतं.

लहानपणी नदीपलीकडच्या सावरगावचे मामा माझ्यासाठी कासवाचं पिल्लू घेऊन आले होते, पुरीएवढं. त्यांच्यासमोरच मी अंगणात नदीतले गोटे गोल रचले आणि एकेका गोट्याला चुना फासला.

गोटमारीच्या सकाळी दादा म्हणाला, "दोन गोटे दे वं, नदीवर जाऊन राहिलो." त्या दिवशी आमचं पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. मी दिले. पिल्लू लगेच फटीपाशी आलं आणि मान आत ओढून बसलं. दिवसभर नदीकडून आरोळ्या येत राहिल्या.

संध्याकाळी मामा आले, डोक्याला पट्टी बांधून. खिशातून चुना फासलेला गोटा काढून त्यांनी फटीत बसवला. "तुह्या कासवाचाच हाय ना वं हा?"

दादा खाली मान घालून उभा होता. गोट्यावर लाल डाग होता. मला मात्र तेव्हा तो परत मिळाल्याचाच आनंद झाला.

उरलेली फट मी विटेने बुजवली. दुसरा गोटा कोणाला लागला, ते मी आजवर कोणालाच विचारलेलं नाही.