बहुमत कशाचं झालं होतं?

सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी डेटाबेस सांभाळत होते. शहरातल्या बूढ़ापाऱ्यातून रोज स्कूटीनं जायची. तिथल्या साहेबांनी केलेल्या एका काटकसरीचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आमची तीन मशीनं होती. एक गेटवर, एक ऑफिसात. या दोघांकडे सारखा डेटा; तिसऱ्याचं पुढे सांगते. गेटचं मुख्य. कामगारांच्या कार्डांच्या नोंदी ते घ्यायचं आणि ऑफिसचं त्यांची नक्कल करायचं. मुख्य बोलेनासं झालं, तर उरलेल्यांनी मत देऊन नवं मुख्य निवडायचं. तिसरं मशीन गेटजवळ ठेवा, सगळ्या डेटासकट ठेवा, म्हणून मी घसा कोरडा केला. साहेब आपल्याच भंडाऱ्याकडचे. म्हणाले, “काहून खर्च वाढवून राहिली? ऑफिसातच ठेव, ते फक्त मत देईल.” म्हणजे ज्याच्याजवळ काडीची माहिती नाही, त्याच्या हाती निवडणूक! वा रे वा!

मग एका सकाळी नाली खोदताना जेसीबीनं गेटची केबल तोडली. गेट उत्तर देत नाही म्हणून ऑफिसातल्या दोघांनी मत टाकलं आणि ऑफिसचं मशीन मुख्य झालं. गेटच्या मशीनला हे कळेपर्यंत ते बिचारं कार्डं घेतच होतं. केबल जोडल्यावर त्याला नव्या मुख्याचं ऐकावं लागलं. मधल्या वेळातल्या त्याच्या नोंदी हिशेबातून निघाल्या. पुसल्या गेल्या नाहीत, फक्त एका फाइलीत बाजूला पडल्या.

त्या नोंदींत ठेकेदाराचा एक माणूस होता. त्याच दुपारी लोखंडी सळ्यांचा गठ्ठा त्याच्या पायावर पडला. कारखान्याच्याच गाडीनं त्याला पंडरीकडच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन लवकर झालं नाही तर पाय कापावा लागणार होता, आणि इकडे साहेब म्हणतात, “रेकॉर्डवर तो आत नव्हताच. उपचाराचा खर्च आपल्याकडे नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती बाजूला पडलेली नोंद शोधून त्यांच्यासमोर ठेवली.

“सिस्टमनं काढली ना? मंग तुले काय करायचं आहे? बहुमत झालं, विषय संपला.”

“सर, मुख्य कोण, यावर बहुमत झालं! माणूस आत होता का, यावर नाही झालं!”

“आवाज खाली कर.”

“नाही करत! काय करता?”

त्यांच्या डोळ्यांदेखत मी ती नोंद परत घातली आणि डेटा ठेवणाऱ्या दोन्ही मशीनची पोच येईपर्यंत तिथून हलले नाही. म्हटलं, आता पुसायची असेल तर स्वतःच्या हातानं पुसा. पुसायची हिंमत काही झाली नाही. तोंड वाकडं करत त्यांनी दवाखान्यात फोन लावून खर्च कबूल केला, आणि ऑपरेशन झालं.

पाय वाचला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला भेटायला गेले. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “भैया, तुमची एंट्री मी शोधून काढली. तुम्ही आत होता, हे आता कोणी नाकारू शकत नाही.”

त्याला काही उमगलं नसावं.

“एंट्री काहे को ढूँढी, दीदी? गाड़ी में मेरा सिर तो साहब की ही गोद में था.”