एक बूंद आत नाही

पंचशीलाबाईच्या खांद्यावरच्या झोळीत एक खिडकी असायची. खरीखुरी, ॲल्युमिनियमची, काच लावलेली, सरकणारी. आकार मात्र शाळेतल्या पाटीएवढा. सियागंजातल्या दुकानदाराने ती नमुना म्हणून करून दिली होती आणि ती घेऊन बाई अख्खं इंदूर पालथं घालायची. कोणाच्या ओट्यावर टेकायची, खिडकी काढायची आणि बोटाने इकडून तिकडे सरकवायची. सर्र. सर्र. घरातल्या बायका जमायच्या. प्रत्येकीला एकदा तरी सरकवून बघायचीच असायची.

"माझे आजोबा महूच्या छावणीत हवालदार होते," ती सांगायची. "त्यांनी बंदूक वागवली, मी खिडकी वागवते. त्यांना बघून लोक दार लावून घेत, मला चहा मिळतो."

हसत हसत बोलायची, पण घरी हसण्यासारखं फार नव्हतं. नवरा लक्ष्मण मिलच्या कताई खात्यात होता. मिलला टाळं लागलं, तरी हा रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून गेटवर जायचा. तिथे सगळे जुने सोबती बसलेले. आज नाही तर उद्या भोंगा वाजेल, म्हणायचे. एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. शेवटी पंचशीलाने त्याला हाताला धरून सियागंजातल्या त्या दुकानात नेलं. तिथे तो ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे सेक्शन, कापायला, स्क्रू मारायला शिकला. जमत होतं, पण मन अजून गेटवरच होतं. दुकानाला सुट्टी असली की पाय तिकडेच वळायचे.

आणि मग मल्हारगंजातलं ते घर हाती लागलं.

घर अप्पासाहेबांचं. रस्त्याकडे तोंड करून सागवानी खिडक्यांची रांग, प्रत्येकीवर कमान, कमानीत लाल-हिरव्या काचा. खिडक्यांच्या बाहेर हातभर रुंदीचा सज्जा. रंगपंचमीची मिरवणूक, गेर, बरोबर खालून जायची. ढोल, ट्रक, टँकर, गुलाल, आणि पंपाने तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारं रंगाचं पाणी. त्यामुळे त्या दिवशी अप्पासाहेब सकाळीच सगळी दारं-खिडक्या लावून कड्या घालायचे. त्यांची बायको प्रमोदिनीबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून गेर फक्त ऐकत होती. फटींतून आत येणाऱ्या रंगाखाली फडकी सरकवत.

"काकीजी, काच लावू," पंचशीला म्हणाली. "आत बसून बघा. फुल्ल गेर."

प्रमोदिनीबाईंनी नमुन्याची खिडकी मांडीवर घेतली आणि सर्र करून सरकवली. "अहो, ऐकलंत का!"

अप्पासाहेब आतून आले ते नाही म्हणतच. "समोरच्या घराने लावल्यात ना तुमच्या त्या पांढऱ्या खिडक्या. म्हाताऱ्याला चांदीचे दात बसवल्यासारखं दिसतंय."

"मग चांदी नाही लावायची," पंचशीला म्हणाली. तिने झोळीतून सेक्शनचे तुकडे काढले आणि उन्हात सागवानाला लावून धरले. चंदेरी. नाही. सोनेरी. "ही तर बँडवाल्याची वर्दी!" अप्पासाहेब म्हणाले. मग तपकिरी. तो तुकडा लाकडाशेजारी धरला तेव्हा अप्पासाहेब चष्मा वर करून जवळ गेले.

"चौकट तुमची राहील, कमान राहील, रंगीत काचा राहतील. फक्त फळ्या काढून तिथे हे सरकतं बसवायचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही, जी."

"आणि पाणी आलं तर?"

"एक बूंद आत नाही येणार."

"मग असं करा. एकच लावा. गेर जाऊ द्या. कोरडी राहिली तर रस्त्याकडच्या माझ्या सगळ्या खिडक्यांचं काम तुमचं. एक बूंद जरी आली, तर काढून न्यायची आणि माझ्या फळ्या परत बसवायच्या."

पंचशीलाने ही खिडकी लक्ष्मणकडे दिली. पहिल्या कापापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत त्याची एकट्याची. हे काम पार पडलं तर हा माणूस कारागीर झाला. गळलं, तर पुन्हा शर्ट धुऊन गेटवर. तिला ते ठाऊक होतं आणि त्यालाही. आठवडाभर तो रंध्याने चौकट साफ करत होता, काच पुसत होता, जेवायला बसला तरी बोटांनी ताटाची कड मोजत होता.

रंगपंचमीला दोघं सकाळीच अप्पासाहेबांकडे हजर. बाकीच्या खिडक्या बंद, अंधार, आणि मधे ती एक खिडकी लखलखीत. प्रमोदिनीबाई नाक काचेला लावून बसलेल्या. "आली! आली हो!" लांबून ढोल ऐकू आला, मग गुलालाचा ढग, मग माणसंच माणसं. पहिला टँकर घराखाली आला आणि धारेने काचेवर धप्पकन थाप मारली. प्रमोदिनीबाई किंचाळल्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवू लागल्या. काचेवरून गुलाबी पाणी ओघळत होतं. आत एक थेंब नाही!

पंचशीलाचं लक्ष मात्र खाली गेलं. खालच्या पट्टीत, जिच्यावर काच सरकते, तिथे पाणी साचत होतं. वर चढत होतं.

"अहो, हे पाणी जात का नाही?"

"कुठून जाणार?" लक्ष्मण म्हणाला.

"भोकांतून! बाहेरच्या बाजूला भोकं असतात ना!"

लक्ष्मणचा चेहरा उतरला. "ती... पट्टीत आधीपासूनच होती, कारखान्यात चुकून पडली असं वाटलं मला. मी बुजवली. सूत कोंबून, वरून लांबीचा लेप."

दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं नसतं. कताई खात्यात हवा दमट ठेवावी लागते. जरा कोरडी झाली की धागा तटातट तुटतो. त्याने उभी उमर भिंतीत फट दिसली की कचरा सूत कोंबण्यात घालवली होती, आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती.

पाणी काठाला टेकलं. वळणावर दुसरा टँकर दिसला, पहिल्याच्या दुप्पट.

"शेजारची खिडकी उघडा," लक्ष्मण म्हणाला. "सज्ज्यावर उतरतो."

"गेरच्या दिवशी? डोकं फिरलंय?" अप्पासाहेब गरजले.

"सरका तुम्ही!" प्रमोदिनीबाईंनी कडी काढलीसुद्धा. पंचशीलाने अंबाड्यातला आकडा उपसून नवऱ्याच्या हातात दिला. तो सज्ज्यावर पालथा पडून सरपटत गेला. पडेल या भीतीने अप्पासाहेबांनी खिडकीतून वाकून त्याचा पाय घट्ट धरला.

"ओ भिया! ऊपर देखो, ऊपर!" खाली आरोळी उठली. पंपवाल्याने नळी वळवली.

धार लक्ष्मणच्या पाठीवर फुटली. त्याने मान खाली घालून आकडा खुपसला, फिरवला, ओढला. सुताचा बोळा बाहेर आला आणि मागोमाग गुलाबी पाण्याची पिचकारी. मग दुसरा. त्या खिडकीतून दोन धारा खाली गर्दीवर पडू लागल्या आणि अख्खा मल्हारगंज शिट्ट्या मारायला लागला. "वा रे भिया! घर भी गेर खेल रिया है!"

लक्ष्मण आत आला तेव्हा त्याचे फक्त दात ओळखू येत होते. पण सगळे बघत होते अप्पासाहेबांकडे. टोपी गुलाबी, मिशी गुलाबी, धोतर निळं. त्यांच्यामागची भिंत छतापर्यंत रंगलेली.

पंचशीलाने नव्या खिडकीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. तरी ती म्हणाली, "अप्पासाहेब, भोकं बुजवली ती चूक आमचीच. लपवत नाही."

अप्पासाहेबांनी मिशी पिळली. त्यातून रंग गळला. "बाई, बूंद आत आली की हो."

पंचशीलाचा हात झोळीवर गेला.

"पण कुठल्या खिडकीतून आली?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि पोट धरून हसत सुटल्या.

अप्पासाहेबांनी शेजारच्या उघड्या सागवानी फळ्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ती इतकी हसलेली त्यांनी कधी बघितली होती कोण जाणे. "घ्या," ते म्हणाले. "घ्या सगळ्यांची मापं. कमानींना हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. आणि भोकं... ती आधी मला दाखवायची."

"दोन जास्तच पाडतो," लक्ष्मण म्हणाला.

परतताना रस्ता अजून ओला होता. गर्दीतून गेटवरचे दोन सोबती ओरडत आले आणि त्यांनी लक्ष्मणला मिठी मारली. "अरे, सज्ज्यावर तूच होता ना? मानलं भिया! कल सबेरे गेट पे सुना सब को."

"उद्या?" लक्ष्मणने पंचशीलाच्या खांद्यावरची झोळी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "उद्या कुठे जमतंय रे. खिडक्या आहेत."