कडक भाकरीचं घर

तोंड वर करून सांगावं असं ह्यात काही नाही, पण चहा घेताय तर ऐकाच. असला गाढवपणा अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी केला नसेल!

आमच्या जुळे सोलापुरातल्या महिला मंडळानं शिल्पांचं प्रदर्शन ठरवलं. विषय, 'घर म्हणजे काय?' शेजारणी माती, थर्माकोल घेऊन बसल्या. मला वाटलं, छे! आपलं कसं अस्सल सोलापुरी पाहिजे. आणि नजर गेली कडक भाकरीच्या डब्यावर. पातळ, खडखडीत, महिनोन् महिने टिकणारी! भिंतीला याहून चांगलं काय मिळणार?

दोनच काढायच्या होत्या हो, शप्पथ! पण भिंती झाल्यावर छप्पर नको? छप्पर झालं, मग वरचा मजला. एवढं बांधलं आणि पार्किंग नाही, असं कसं चालेल? डबा संपला तेव्हा माझं बांधकाम थांबलं. वरून व्हार्निश मारलं, मंडळाच्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं आणि खाली ऐटीत पाटी लावली: 'जिथं न विचारता डब्यात हात घालता येतो, ते घर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अय्यो शिवा! पोरीच्या भाकरी कुटं गेल्या?"

पोरीच्या म्हणजे माझ्या नणंदेच्या. ती पुण्यात, पोटुशी. अन्न म्हणून पोटात ठरेना, आईच्या हातच्या कडक भाकरीचे डोहाळे लागलेले. सासूबाईंनी दुखरा खांदा शेकत शेकत त्या थापल्या होत्या. आणि मी समजले, नेहमीच्याच!

मी तोंड उघडणार, तोवर त्या सासऱ्यांवर घसरल्या. "तुमीच खाल्ल्या असणार!"

"अगं, माझी कवळी दुरुस्तीला दिलीया! कडक भाकरी काय हिरड्यांनी फोडू?"

"आमटीत भिजवून खाल्ल्या असतील!"

"सगळा डबा?"

आणि मी काय केलं? खाली मान घालून चहा गाळत उभी राहिले. त्या दिवशी बिचाऱ्यांना दुसऱ्यांदा भात कुणी विचारला नाही. आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

संध्याकाळी प्रदर्शन. दोघांना आधीच कौतुकानं बोलावून बसले होते ना! "गर्दी असते, राहू द्या," म्हणून पाहिलं. पण सून शिल्पकार झालीया म्हटल्यावर ऐकतंय कोण?

सासरे माझ्या शिल्पापुढं थांबले. चष्मा पुसला. वाकले. आणि भर हॉलमध्ये गरजले, "सापडल्या! अगं ये की हिकडं! मी न्हाई खाल्ल्या! हितं बंगला बांधलाय त्यांचा!"

सगळ्या बायका वळल्या. सासूबाई आल्या. भाकरीवरनं बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग खालची पाटी मोठ्यांदा वाचली, एकेक शब्द सुटा करून. धरणी दुभंगली असती तर मी पार्किंगसकट आत गेले असते.

"मामा, आत्या, चुकले मी," सगळ्यांसमोर म्हटलं. "उद्याच नव्या थापून देते."

थापल्या की! हात भाजले, खांदे भरून आले. सासूबाईंनी माझी एक भाकरी उचलली, उजेडात धरली, ओट्यावर आपटली. भाकरीला काही झालं नाही, ओटा मात्र दणकन वाजला.

"पोरीसाठी मीच थापते," त्या म्हणाल्या. "ह्या ठेव तुला. तुझ्या बंगल्याला कंपाउंड राहिलंय की."