न दुखलेला हात

ही गोष्ट आजवर मी कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही घाईघाईने मुलांचं आणि दुकानाचं मागून उठते — विषय तिथवर पोचूच देत नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण आधी जरा चांगले दिवस सांगू द्या. ते खरंच फार चांगले दिवस होते, आणि मी जे केलं ते त्या चांगल्या दिवसांतच केलं.

आम्ही राजाजीनगरचे. सासऱ्यांच्या आजोबांपासून घराणं बेंगळुरूत. घरात मराठी बोलतो, बाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. आमचं मॅचिंग सेंटर आहे — फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस. कापडाचे तागे चढवून-उतरवून माझे हात असे जाडजूड झाले होते की नवरा म्हणायचा, आपल्या दुकानाला वेगळा राखणदार कशाला? मी तेव्हा चाळिशीत होते. त्या वर्षी आमच्या वरच्या खोलीत मृणाल भाड्याने राहायला आली.

मृणाल नागपूरची, कंप्युटरवाली. ऑफिस मारतहळ्ळीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग राहायला इतक्या लांब का? तर तिच्या बाबांचा हट्ट — पोरगी मराठी घरातच राहील, अंतर कितीही असो! बिचारी अर्धं आयुष्य बसमध्ये घालवायची आणि घरी आली की जिन्याच्या पायरीवरच बसकण मारून सांगायची, "अक्का, आज तर जीवच गेला नं बाप्पा माझा." अक्का म्हणायला ती आमच्याकडेच शिकली. अंगाने काडी, केस मात्र एवढे, आणि हसताना तोंडावर हात धरायची सवय. माझा तिच्यावर जीव होता. हे आत्ताच सांगून ठेवते — नंतर सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही.

एकदा बसमध्ये कुणीतरी तिच्या अंगाला हात लावला. ती काही न बोलता मधल्याच स्टॉपवर उतरली आणि रडत घरी आली. मला असा संताप आला — त्याचा, आणि खरं सांगायचं तर थोडा तिचाही. तोंड नाही का तुला? त्याच रविवारी मी तिला धरून गोपाळअण्णांच्या वर्गाला नेलं. नाव दोघींचं घातलं. एकटीला पाठवलं असतं तर ती गेलीच नसती.

गोपाळअण्णा आमच्याच समाजातले. साठी उलटलेली, कपाळाला गंध, ट्रॅकपँटवर पांढरा सदरा. देवळामागच्या हॉलमध्ये जाजम अंथरून रविवारी सकाळी ते बायकांना मर्मं शिकवत. मर्म म्हणजे अंगावरची अशी जागा, जिथे नेमका अंगठा रुतला तर भल्या दांडग्याचीही पकड ढिली पडते. कानाच्या पाळीमागे एक, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक, कोपराच्या खाली दोन स्नायूंच्या फटीत एक. पण प्रत्येक वर्गाची सुरुवात ते एकाच वाक्याने करत. "आधी ओरडायचं. मग पळायचं. दोन्ही जमलं नाही तरच मर्म. सरी?" आम्ही सगळ्या जणी पाढे म्हटल्यासारखं "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचो आणि खुदुखुदु हसायचो. आम्हाला पळायला थोडंच शिकायचं होतं?

किती मजा यायची, काय सांगू! शिक्षिका होत्या, बँकेतल्या होत्या, दोघी-तिघी आज्या होत्या. साड्यांचे पदर खोचून एकमेकींचे कान-मानगुटी दाबायच्या. दुखलं की जोडीदारणीने "साकु!" म्हणून ओरडायचं. साकु म्हणजे पुरे — जेवताना वाढणारणीला आम्ही म्हणतो तेच. सगळा हॉल नुसता साकु-साकु करत असायचा आणि देवळात आलेली माणसं खिडकीतून डोकावून बघायची, आत कसली पंगत बसली आहे म्हणून. वर्ग सुटला की मृणाल आणि मी कोपऱ्यावरच्या बेकरीत खारा बन खायचो, उभ्या उभ्या. आठवड्यातला तेवढा तास मी कुणाची बायको नव्हते, कुणाची सून नव्हते. आजही त्या बेकरीवरून जाताना पाय रेंगाळतात.

अण्णांचा नियम एकच, पण कडक. जोडी एकत्रच पुढे जायची. एका जागेवर खरंखुरं "साकु" निघाल्याशिवाय पुढची जागा शिकवायची नाही. आणि खोटं साकु म्हणायचं नाही. त्यांनी कारणही सांगितलं होतं — मी ते ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, पहिल्याच ओळीत बसून. "कुणाकुणाच्या अंगात मर्म बोलतच नाही, अक्का. रस्त्यावरही असा माणूस भेटणार. म्हणून दुखलं नाही तर नाही म्हणा. समोरचीला तिथेच कळू दे, की इथे दाबत बसण्यात अर्थ नाही, हात सोडवायचा आणि पळायचं."

आमची जोडी कोपराखालच्या मर्मावर अडली. मी मृणालचा हात दाबला की ती पहिल्याच झटक्यात कळवळायची. ती माझा दाबायची — आणि काही नाही. दात-ओठ खाऊन दाबायची, लालबुंद व्हायची. मला फक्त कुणीतरी हात धरला आहे एवढंच कळायचं. एक रविवार गेला, मग आणखी एक. बाकीच्या पुढे सरकल्या. अण्णा यायचे, तिचा अंगठा स्वल्प इकडे, स्वल्प तिकडे सरकवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "असू दे, होईल."

पण मला असू द्यायचं नव्हतं. गणपती जवळ आले होते. आमच्या मंडळात एक संध्याकाळ बायकांची असते, आणि ज्या जोड्यांची सगळी मर्मं पूर्ण होतील त्यांना अण्णा स्टेजवर नेणार होते. त्या स्टेजच्या मागे माझा जन्म गेला होता. नाचणाऱ्या पोरींना साड्या नेसवा, पिना लावा, पडदा ओढा, टाळ्या ऐका — मागून. मला एकदा, फक्त एकदा, पुढून ऐकायच्या होत्या. सासूबाई पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी मला एकदा त्या उजेडात बघायला हवं होतं. हसू येतं ना? मलाही येतं. पण तेव्हा हसण्यासारखं वाटत नव्हतं.

आणि मग — हे लिहिताना हात अडतोय — एका रविवारी मृणालने माझा हात धरला, अंगठा रुतवला, आणि मी किंचाळले. "साकु! साकु गं माय!" अशी किंचाळले की अख्खा हॉल वळून बघायला लागला. मी गुडघ्यावर बसलेसुद्धा. दुखलं का? जराही नाही. मुंगी चावली असती तरी जास्त कळलं असतं.

मृणालचा चेहरा मी विसरूच शकत नाही. ती आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग तिने मला मिठी मारली, आणि पहिल्यांदाच तोंडावर हात न धरता हसली. "अक्का, जमलं नं मला! खरंच जमलं?" मी म्हटलं, "हात सुजणार बघ माझा आता." त्या दिवशी बेकरीत तिने मला बिल देऊ दिलं नाही.

गणपतीत आम्ही स्टेजवर गेलो. मी माइकसमोर असं काही साकु म्हटलं की लोक खो खो हसले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "गळा बरा आहे तुझा." एवढंच, पण त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं. मी कितीतरी दिवस हवेत होते. मृणालही बदलली होती. चालणं बदललं, मान वर झाली. बसमध्ये आता जागेसाठी भांडते, असं मोठ्या ऐटीत सांगायची. मी मनात म्हणायचे, खोट्यातूनही चांगलं होतंच की. असं म्हणताना मला काही टोचलं का? नाही, हो. मुळीच टोचलं नाही.

दिवाळी होऊन गेली आणि एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, ऑफिसमधून बसस्टॉपकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका माणसाने मृणालचा हात धरला. चार पावलांवर चहाचा ठेला होता, माणसं होती. ती ओरडली असती तर धावून आली असती. ती ओरडली नाही. तिने त्याचा हात पकडला, कोपराखालची जागा शोधली आणि अंगठा रुतवला. काही झालं नाही. तिने आणखी जोरात दाबलं. त्याने हसून तिचा हात पिरगाळला आणि तिला बाजूला खणलेल्या खड्ड्यात ढकललं. ठेल्यावरची माणसं पोचेपर्यंत तो पळाला होता. तिचं मनगट मोडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये हात गळ्यात बांधून ती पडली होती. मला बघून म्हणाली, "अक्का, मी दाबतच राहिले नं. वाटलं, आत्ता सोडेल, आत्ता सोडेल. जागाच चुकली माझी." जागा चुकली नव्हती. तिने माझ्या हातावर जिथे दाबलं होतं अगदी तिथेच दाबलं होतं — आणि माझ्या हाताला झालं होतं तेवढंच त्याच्या हाताला झालं. हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. तेव्हा मी काय म्हटलं असेल?

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "घाबरल्यावर बोटांतला जोर जातो गं. तू घाबरलीस."

तिने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "हो, घाबरलेच असेन."

थोड्या वेळाने गोपाळअण्णा शहाळं घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं आणि खाटेच्या पलीकडून मला विचारलं, "अक्का, तुमच्यावर चालत होतं ना तिचं?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "चालत होतं की. स्टेजवर बघितलंत ना तुम्ही." त्यांनी मान हलवली. मग भीतीच असणार, असं तेही म्हणाले. आम्ही दोन मोठी माणसं त्या खोलीत होतो, आणि दोघांनी मिळून त्या पोरीला भित्री ठरवलं. त्यातल्या एकाची तरी फसगत झाली होती; माझी नव्हती.

त्या आठवड्यात मी हात भरून आल्याचं निमित्त करून नवऱ्याकडून ती जागा दाबून घेतली. कापड फाडून फाडून त्याचे अंगठे लोखंडासारखे झाले आहेत. त्याने सगळा भार टाकला, तरी काही नाही. माझ्या हातातलं मर्म मुकंच आहे. म्हणजे मृणालच्या बोटांत काहीच उणं नव्हतं, पहिल्या दिवसापासून नव्हतं. आता तर खात्रीच झाली. मग वर जाऊन तिला सांगितलं का? खोली आमच्या डोक्यावर होती, एक जिना चढायचा होता.

तिचे बाबा आले आणि प्लास्टर निघायच्या आतच तिला नागपूरला घेऊन गेले. नोकरी सुटली. जाताना माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. पुन्हा नोकरी केली नाही. "एकटीनं जायचं-यायचं आपल्याच्यानं होत नाही, अक्का," असं सहज सांगते, जसं कुणी गोड खात नाही म्हणून सांगतं. दर गणपतीला तिचा फोन येतो. त्या रविवारांच्या आठवणी काढून आम्ही दोघी हसतो, आणि माझं ते हसू खोटं नसतं — याचं मलाच नवल वाटतं.

यंदाही फोन आला. मुलीच्या शाळेत कराटे सुरू झालं आहे आणि पोरगी हात धुऊन मागे लागली आहे. मृणाल नको म्हणते. "माझ्यावर गेली नं ती. ऐन वेळेला हातपाय गळतात आमचे. तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्हीच सांगा हिला." आणि तिने फोन पोरीच्या हातात दिला.

आवाज बारीक होता, पण ठाम. "आजी, आई खरंच घाबरली होती का?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, सासूबाईही गेल्या. खरं सांगायला अडवणारं माणूस उरलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो बाळा. घाबरली होती."

दोन दिवसांनी मृणालचा मेसेज आला. पोरीने कराटेचा हट्ट सोडला म्हणे. खाली लिहिलं होतं — बरं झालं अक्का, तुमचं ऐकलं तिनं.